अंगावर काढण्याची किंमत

(द्वितीय वर्ष कला)

‘दुखणे अंगावर काढणे’ असा एक वाक्प्रचार आपण शाळेत असताना वाक्यात उपयोग करून लिहिला आहे. परीक्षेत त्याला एक गुण मिळत असे. घरात मात्र त्याला फार मोठा मान आहे. जी बाई ताप अंगावर काढते, कंबर धरली असता पाणी भरते, कुणाला कळू न देता स्वयंपाक उरकते, तिला आपण सोशिक म्हणतो आणि तिचे गुण लेकीसुनांना ऐकवतो. या सोशिकपणाचे कौतुक आता आपण थांबवले पाहिजे, असे माझे मत आहे. कारण एक आजार असा आहे की तो केवळ या कौतुकावर पोसला जातो. त्याचे नाव गर्भाशयमुखाचा कर्करोग.

हा विषय वार्षिकासाठी निवडला असे सांगितले तेव्हा वर्गातल्या काही मैत्रिणी हसल्या. ‘हे सायन्सवाल्यांचे काम आहे’, असेही एकीने सुचवले. परंतु हा लेख वाचून संपल्यावर वाचकांनीच ठरवावे, की हा प्रश्न नुसता शरीरशास्त्राचा आहे, की आपण कला शाखेत जे शिकतो त्या भाषेचा आणि समाजाचाही आहे.

प्रथम काही आकडे सांगते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. भारतीय स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल याचाच क्रमांक लागतो. ८० हजार हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून मी भागाकार करून पाहिला. आपला एक तास पन्नास मिनिटांचा असतो. हजेरीपासून घंटेपर्यंत देशात सात-आठ बायका या रोगाने मरण पावतात. साऱ्या जगात त्या वर्षी साडेतीन लाखांच्या आसपास स्त्रिया गेल्या, आणि त्यांतल्या दहांपैकी नऊहून अधिक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या. याचा अर्थ उघड आहे. ज्या देशांनी मनावर घेतले, तेथे हा रोग मागे हटला.

तो मागे का हटू शकतो, हे समजून घेण्याजोगे आहे. गर्भाशयाचे तोंड म्हणजे पिशवीचे तोंड. तेथील पेशींना ह्यूमन पॅपिलोमा या विषाणूची लागण होते. या विषाणूमुळे हा रोग होतो हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू शिरला म्हणजे रोग झाला असे मात्र मुळीच नाही. बहुतेक जणींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. थोड्या जणींत तो ठाण मांडून बसतो, पेशी हळूहळू बिघडवतो आणि त्या बिघाडाचा कर्करोग व्हायला साधारणपणे दहा ते वीस वर्षे लागतात. एवढी सवड क्वचितच एखादा प्राणघातक रोग देत असेल. या दहा-वीस वर्षांत केव्हाही तपासणी झाली तर बिघडलेला भाग गोठवून किंवा उष्णतेने जाळून थोड्या वेळात काढून टाकता येतो. पिशवी काढावी लागत नाही, आणि बाई त्याच दिवशी घरी जाते.

तपासणीही काही फार अवघड नाही. गर्भाशयाच्या तोंडावरील पेशी घेऊन काचेवर तपासण्याची पॅपची पद्धत जुनी आहे. त्याहून साधी पद्धत म्हणजे सौम्य ॲसिटिक आम्ल, अर्थात चायनीजच्या गाडीवर दिसणाऱ्या व्हिनेगरच्या जातीचेच द्रावण, त्या जागी लावायचे आणि मिनिटभर थांबून पाहायचे. बिघडलेला भाग पांढरा दिसू लागतो. विषाणूची थेट चाचणी ही तिसरी आणि अधिक खात्रीची पद्धत. केंद्र सरकारने २०१६ सालीच तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी व्हावी असे धोरण आखले. आणि झाले काय? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांना विचारले, की आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झाली आहे काय? शंभरांत दोघीही ‘होय’ म्हणाल्या नाहीत. आकडा १.९ टक्के आहे.

अठ्ठ्याण्णव जणी कोठे राहिल्या? दवाखाने दूर आहेत, डॉक्टर कमी आहेत, रोज बुडवून जाणे परवडत नाही, ही कारणे खरी आहेत आणि ती मी नाकारत नाही. परंतु या सर्वांच्या आधी आणखी एक कारण उभे आहे. ज्या अवयवाला हा रोग होतो, त्याला आपल्या घरात उच्चारता येईल असा शब्दच नाही.

हे मला माझ्या आत्याच्या आजारात कळले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील चौथीनंतर शाळेत गेले नाहीत, आई सही करते. त्यामुळे विजेचे बिल, रेशनचे कागद, बँकेची पावती, सगळे वाचून दाखवणे माझ्याकडे असते. आत्या वसईच्या पूर्वेकडच्या गावातून भाजीच्या जुड्या आणून स्टेशनजवळ विकत असे. पाळी थांबून दोन वर्षे झाली होती, आणि तिच्या अंगावरून पुन्हा जाऊ लागले. शेजारणींनी सांगितले, उष्णता आहे, धन्याजिऱ्याचे पाणी पी. ती प्याली. मग एका डॉक्टरने न तपासताच गोळ्या दिल्या. तिने तपासा म्हटले नाही, कारण तो पुरुष होता आणि तिच्याजवळ सांगायला शब्द नव्हते. ‘कंबर दुखते’ एवढेच ती म्हणाली. असे सव्वा वर्ष गेले. शेवटी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नेली तेव्हा फॉर्म वाचण्यासाठी मला सोबत नेले. कागदावर रोगाचे नाव इंग्रजीत होते. ‘म्हणजे कुठला गं?’ असे तिने मला विचारले. बाजूला माझा चुलतभाऊ उभा होता. मी ‘पिशवीचा’ म्हटले. तिने मान खाली घातली आणि हलक्या आवाजात विचारले, ‘घरात काय सांगायचं?’ आपण वाचू की नाही हा प्रश्न तिने त्यानंतर विचारला.

सहा आठवडे तिला शेक दिला. पेशंट आणि नातेवाईक किरणोपचाराला शेकच म्हणतात. आठवड्यातून पाच दिवस वसईहून गाडीने जायचे, रांगेत बसायचे, पाच-दहा मिनिटांचा शेक घ्यायचा आणि संध्याकाळच्या विरार गाडीच्या गर्दीत परत यायचे. सरकारी योजनेतून उपचाराचा खर्च निघाला. परंतु भाजीचा धंदा बुडाला, सोबतीला जाणाऱ्या माझ्या काकूचे कंपनीतले काम सुटले आणि आत्याची धाकटी मुलगी दहावीच्या वर्षी घरी स्वयंपाकाला राहिली. हा खर्च कुठल्याही योजनेत धरलेला नसतो. रोग पुढे गेलेला होता. गेल्या श्रावणात आत्या गेली. घरी येणाऱ्यांना अजूनही ‘पोटाचा आजार होता’ असेच सांगतात.

‘पोटाचा आजार’ हे उत्तर नीट तपासून पाहिले पाहिजे. ते खोटे बोलण्यासाठी दिलेले नाही, लाज वाचवण्यासाठी दिलेले आहे. परंतु त्यामुळे समाचाराला आलेल्या पंधरा-वीस बायकांपैकी एकीलाही हे कळले नाही, की पाळी थांबल्यावर पुन्हा अंगावरून जाणे हे या रोगाचे लक्षण असू शकते. त्यांतल्या एखादीला आज तेच होत असेल, आणि तीही धन्याजिऱ्याचे पाणी पीत असेल.

लाजेचे आणखी एक मूळ आहे, आणि त्याविषयी आपण विद्यार्थ्यांनी तरी स्पष्ट बोलावे. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. एवढे कळताच ऐकणारा त्या बाईच्या चारित्र्याचा हिशेब मांडू लागतो. हा सरळसरळ अन्याय आहे. हा विषाणू इतका सर्वत्र आहे की लग्न झालेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांच्या शरीरात तो केव्हा ना केव्हा येऊन जातो. एकाच पुरुषाशी आयुष्यभर संसार केलेल्या बाईलाही तो होतो. तो पुरुषाकडून येतो आणि पुरुषाला बहुधा कळतही नाही. सर्दी झालेल्या माणसाची आपण कुंडली मांडत नाही, तर हिचीच का मांडावी?

शरीराविषयी मराठीतून बोलण्याचा प्रयत्न आपल्याकडे झालाच नाही असे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. स्त्रीपुरुषांच्या शरीराची माहिती त्यांनी साध्या मराठीत छापली, त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. कर्व्यांची सर्वच मते पटली पाहिजेत असे नाही. परंतु त्यांनी मासिक सुरू केले त्याला शंभर वर्षे होत आली, आणि अजून माझ्या आत्याला डॉक्टरपुढे ‘कंबर दुखते’ असेच सांगावे लागले, ही गोष्ट मराठी शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना विचार करायला लावणारी आहे.

मौनाचे नुकसान दोन्ही बाजूंनी होते. आत्याचे उदाहरण एका बाजूचे झाले. दुसऱ्या बाजूचे उदाहरण बीड जिल्ह्याचे आहे. ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जातात, ही गोष्ट २०१९ साली वर्तमानपत्रांतून गाजली. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते अशी तक्रार घेऊन गेलेल्या कित्येकींना ‘काढली नाही तर कॅन्सर होईल’ अशी भीती घातली गेली, असे त्या स्त्रियांनी सांगितले. म्हणजे ज्या रोगाचे नाव घरात घेत नाहीत, त्याच रोगाचे नाव ऑपरेशनच्या टेबलावर नेण्यासाठी कामाला आले. ‘आधी तपासणी करा आणि काय दिसते ते मला सांगा’, असे म्हणण्याइतके ज्ञान त्या बायकांजवळ असते, तर त्यांतल्या कितीतरी जणी तरुण वयात अपंगासारख्या झाल्या नसत्या.

येथे कोणी म्हणेल, की नुसत्या बोलण्याने काय होणार? माहिती सांगून का कर्करोग बरा होतो? या प्रश्नाला महाराष्ट्रातच उत्तर मिळालेले आहे, आणि ते आपल्याला ठाऊक नसावे हे नवल आहे.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावांसाठी तेथे १९८७ साली कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागासाठी अशी नोंदवही देशात प्रथमच होत होती. नोंदी घेणारे कर्मचारी गावोगावी जात, बायकांशी बोलत, लक्षणे समजावून देत आणि ती दिसली तर रुग्णालयात या म्हणून सांगत. मोठी यंत्रसामग्री गावात नेली नव्हती. तरीही पुढील काही वर्षांत दिसून आले, की या रोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. १९९५ साली ही गोष्ट आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

त्यापुढचा प्रयोग तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात झाला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर निरोगी स्त्रियांचे गावांप्रमाणे चार गट केले. तीन गटांत तीन निरनिराळ्या तपासण्या आणि चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था. आठ वर्षांनी पाहिले तर विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या होत्या. तपासणी न झालेल्या गटात ६४. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले आणि साऱ्या जगात त्यांचा आधार घेतला गेला. तुलनेसाठी ठेवलेल्या बायकांची तपासणी केली नाही, हे नीतीला धरून होते काय, असा आक्षेप पुढे काही जाणत्यांनी घेतला, आणि तो मला रास्त वाटतो. परंतु ज्या ज्ञानासाठी त्या स्त्रियांनी एवढी किंमत दिली, ते वापरायचे नाही हा तर दुहेरी अपराध होईल.

तिसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे, मुंबईतल्या झोपडपट्ट्यांचे आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली तेथे व्हिनेगरच्या तपासणीचा प्रयोग सुरू केला. डॉ. सुरेंद्र शास्त्री त्याचे प्रमुख होते. दीड लाखांवर स्त्रिया त्यात होत्या. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. दहावी शिकलेल्या स्त्रियांना चार आठवड्यांचे शिक्षण देऊन त्यांच्याकडून ती करून घेतली. या गटात रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दहावी शिकलेल्या बायकांनी हे करून दाखवले. आपण तर बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहोत.

म्हणून मला असे वाटते, की आपल्या पिढीवर, विशेषतः जिच्या घरात पहिल्यांदाच कॉलेज आले आहे त्या मुलामुलींवर, एक जबाबदारी येते. आपण घरी बिले वाचून दाखवतो, तशीच ही माहितीही वाचून दाखवली पाहिजे. पाळी नसताना अंगावरून जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त जाणे, पांढऱ्या जाण्याला दुर्गंधी येणे, ही चार लक्षणे पाठ करायला सोपी आहेत. यांतले काही दिसले म्हणजे कर्करोगच असे नाही, परंतु तपासून घ्यायला हवे. आणि सुरुवातीला यांतले काहीच दिसत नाही, म्हणून तिशीनंतर लक्षण नसतानाही तपासणी करून घ्यायची, हे पाचवे.

पालघर जिल्हा २०१४ साली झाला. त्यातल्या आपल्या तालुक्यात तरी किती तऱ्हा आहेत! अर्नाळ्याच्या कोळणी, निर्मळ-भुईगावच्या वाड्यांतून फुले-भाजी घेऊन पहाटेची गाडी धरणाऱ्या बायका, नालासोपाऱ्याच्या चाळींतून गाळ्यांवर कामाला जाणाऱ्या, पारोळ-भाताण्याकडच्या पाड्यांवरच्या आदिवासी भगिनी. या सर्वांना एक भाषण ऐकवून भागणार नाही. परंतु प्रत्येकीच्या घरातले कोणी ना कोणी आपल्यासारख्या कॉलेजांत आहे. आशाताई तिशीवरच्या माणसांचा तक्ता भरायला घरोघरी येतात, त्यात अंगावरून जाण्याविषयीचे प्रश्न असतात. घरातल्या बायका ‘तसलं काही नाही’ म्हणून त्यांना वाटेला लावतात. तेव्हा आपण शेजारी बसून ‘आई, नीट सांग’ एवढे म्हटले तरी पुष्कळ आहे.

लशीविषयीही सांगितले पाहिजे. या विषाणूवर लस आहे. पुण्याच्या सीरम संस्थेने बनवलेली देशी लस सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झाली. नऊ ते चौदा हे तिचे सर्वांत योग्य वय. परंतु आपल्या वयाच्या मुलींनाही ती घेता येते, आणि वीस वर्षांपर्यंत एक किंवा दोन मात्रा पुरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ सालीच म्हटले आहे. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवायची नाही. ज्यांना धाकट्या बहिणी आहेत त्यांनी जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन लशीची चौकशी करावी. या चौकशीला मुलग्यांनीही जायला हरकत नाही. किंबहुना त्यांनीच जावे. विषाणू वाहून आणण्यात पुरुषांचा वाटा आहे, तर तो थांबवण्यातही असावा.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी सात दिवस भरते. आपण रस्ता झाडतो, बंधारा घालतो, संध्याकाळी पथनाट्य करतो. त्या सातांपैकी एक दिवस याला द्यावा. मुलींनी दोघी-दोघींनी घरोघरी जाऊन चार लक्षणे आणि एक तपासणी एवढेच सांगावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी कोणत्या वारी होते ते आधी विचारून घ्यावे, आणि ज्या बायका तयार होतील त्यांना त्या वारी स्वतः सोबत न्यावे. मराठी विभागाने या माहितीचे एक पानभर पत्रक लिहून द्यावे. ते चौथी शिकलेल्या बाईला वाचता यावे आणि वाचताना तिला लाज वाटू नये, अशा मराठीत हवे. ते लिहिणे वाटते तितके सोपे नाही, म्हणूनच ते मराठी विभागाकडे मागते आहे. येत्या शिबिराच्या कार्यक्रमात या दिवसाचा समावेश व्हावा, अशी प्राध्यापकवर्गास नम्र विनंती आहे. पहिल्या जोडीत माझे नाव घालावे.